मोहफुलांवर बारमाही टायर

टायरच्या बाजूला एक लहानसा डोंगर कोरलेला होता आणि डोंगराच्या पोटात बर्फाचं एक फूल.

*

'पार्किंगमध्ये पापड, कुरड्या, मिरच्या व विजेची वाहने वाळत अथवा चार्ज होत ठेवू नयेत. – सचिव'

*

मोहाची फुलं पहाटे गळायला लागतात आणि ऊन तापलं की थांबतात. झाडाला घाई करता येत नाही. झाडाला थांबवताही येत नाही.

*

टीना म्हणाली, "तुम्ही भांडा. मी डबा भरते."

*

सालेकशाजवळच्या नाक्यावर एका माणसानं गाडीच्या खिडकीतून डोकं आत घातलं, खोल श्वास घेतला आणि डोळे मिटले.

*

एक सब्बल, मिठाचा पुडा आणि मोरीचं पाणी.

*

हे सगळं एकाच गाडीचं आहे. गाडी इंद्रकुमार कटरेची.

इंद्रकुमारचं गोंदियात शेतीच्या पंपांचं दुकान. मोटर, स्टार्टर, पाईप, केबल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीवर वीज पोचवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पार्किंगमध्ये वीज मिळेना, हा या कथेतला पहिला अन्याय. पुढे बरेच आहेत, म्हणून क्रम लक्षात ठेवलेला बरा.

गाडी त्यानं नागपुराहून आणली. विजेची, छोटी, आणि एका मालकानं आधी वापरलेली. बॅटरी थोडी थकलेली होती, पण थकलेलं कोण नसतं? वैनगंगा अपार्टमेंटमध्ये ती शिरली तेव्हा सगळे गॅलरीत आले, आणि आवाज न आल्यामुळे गाडी येऊन गेली तरी वाटच बघत उभे राहिले. इंद्रकुमारच्या मानाला पहिला ओरखडा इथं पडला.

पार्किंगमध्ये चार्जिंगचा एक पॉइंट हवा होता. बस, एवढंच. एक वायर, एक डबी, एक प्लग. हे काम तो गिऱ्हाइकाच्या शेतात चहा निवायच्या आत करत असे. पण वीज कार्यालयानं सांगितलं, सोसायटीचं ना-हरकत आणा. सोसायटीचे सचिव खेमराज पटले म्हणाले, वीज कार्यालयाची परवानगी आणा, मग ना-हरकत देतो. इंद्रकुमार दोघांच्या मधे इतक्या वेळा गेला की दोन्हीकडच्या शिपायांनी त्याला चहा पाजला. कागद मात्र कुणी दिला नाही.

मग त्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून केबल खाली सोडली.

पहिल्या मजल्यावरच्या जमुनाबाईंनी ती आपल्यासाठीच बांधलेली दोरी समजून तिच्यावर टॉवेल वाळत घातला. गाडी चार्ज व्हायला लागली आणि जमुनाबाईंच्या मनात शंका आली की टॉवेलात करंट आहे. त्यांनी टॉवेलाला लाकडी लाटण्यानं ढोसून पाहिलं. टॉवेल गप्प राहिला. त्यामुळे त्यांची शंका आणखीच वाढली.

सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, बॅटरी फटती है, मैंने मोबाइल पे देखा. कुणी म्हणालं, पावसाळ्यात गाडीला हात लावू नका, रबरी चप्पल घालून बसा. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याकडे सायकलही नव्हती, गाडी विकण्याचा योग्य महिना सुचवला. खेमराज पटले पार्किंगमधून जाताना आपल्या डिझेलच्या जीपच्या बॉनेटवर थोपटत आणि विजेच्या गाडीकडे न बघता म्हणत, "खिलौना है, भाई. आमगावच्या पुढं गेला तर सांग."

टायरचं तेवढ्यात झालं. जुने झिजले होते. टायरवाला म्हणाला, "ऑल सीझन ले जाओ, कटरेजी. बारमाही. धूप, पानी, बरफ, सब पे चलेगा."

"गोंदियात बर्फ कुठं पडते?"

"नहीं गिरती. पर गारंटी तो है ना."

हा युक्तिवाद इंद्रकुमारला फार आवडला. न पडणाऱ्या बर्फाची हमी खिशात घेऊन हिंडण्यात एक श्रीमंती असते. घरी येऊन त्यानं बायकोला, टीनाला, टायरवरचं ते फूल दाखवलं. माहितीपत्रकातलं चित्रही दाखवलं: पांढऱ्या शुभ्र रस्त्यावर एक गाडी ब्रेक मारून ऐटीत थांबली आहे आणि एक गोरी बाई टाळ्या वाजवते आहे.

टीना म्हणाली, "ती बाई काऊन एवढी खूश आहे? तिचा नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडते काय?"

*

सभा. विषय एक: टाकीची सफाई. विषय दोन: कटरे.

टाकीची सफाई पुढं ढकलण्यात आली.

खेमराज म्हणाले, "या गाडीसाठी सोसायटीनं लाइन टाकायची, अन् गाडी चालते का हेच माहीत नाही. असं कर, इंद्रकुमार. कचारगडला जाऊन ये. एका चार्जिंगवर. आला तर पार्किंगमध्ये पॉइंट देऊ. नाही आला तर खिडकीतली वायर काढायची अन् गाडी बाहेर रोडवर ठेवायची. मंजूर?"

इथं शहाणा माणूस म्हणाला असता, विचार करून सांगतो. इंद्रकुमार म्हणाला, "मंजूर. कोणी साक्षीदार द्या सोबत. मागाहून कुरकुर नको."

खेमराजनं साक्षीदार दिला: खजिनदार मुन्नालाल. कापडाचे व्यापारी. स्वभावानं गोड, आणि वैनगंगा अपार्टमेंटमधले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. लिफ्ट त्यांना एकट्यालाच नेत असे.

"हे बेइमानी आहे," इंद्रकुमार म्हणाला.

"साक्षीदार भारीच असावा लागतो," खेमराज म्हणाले.

*

तर एप्रिलमधल्या एका पहाटे गाडी निघाली. इंद्रकुमार स्टिअरिंगवर, टीना डबा मांडीवर घेऊन शेजारी, मुन्नालाल मागच्या पूर्ण सीटवर. आमगाव गेलं. इंद्रकुमारनं खेमराजना फोटो पाठवला. सालेकसा गेलं. दुसरा फोटो. कचारगडच्या पायथ्याशी तिघं उतरले, वरच्या गुहेतल्या देवांना हात जोडले, पुरी-आलूची भाजी खाल्ली. बॅटरी निम्म्याहून जास्त होती. एसी बंद होता म्हणून मुन्नालाल निम्मे झाले होते.

"एसी लगाओ ना, कटरेजी."

"बॅटरी खाते तो."

"मला तर गर्मी खाऊन राहिली ना."

इथपर्यंतची कथा ही एका यशस्वी माणसाची कथा आहे. ती इथंच थांबवता आली असती. पण परतीला जंगलातलं एक वळण आलं आणि वळणापुढचा रस्ता पांढरा होता.

मोह. रस्त्याच्या कडेला एक जुनं झाड, त्याची मोठी फांदी रस्त्यावर आलेली, आणि खाली डांबर दिसू नये इतकी फुलं. पांढुरकी, पिवळसर, रसानं टचटचलेली. सगळीकडे तो गोड, जड वास. वेचून झाल्यामुळे रस्त्याच्या एका कडेची फुलं संपलेली होती. तिथून मोटरसायकली हळू, कडेकडेनं जात होत्या. झाड ज्या घरचं, फुलं त्या घरची. रस्त्यावर पडली तरी त्या घरचीच. ती कुणी तुडवत नाही. गोंदिया जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इंद्रकुमारलाही कुणी सांगायची गरज नव्हती.

पण त्याला पांढरा रस्ता दिसला. पांढरा रस्ता, गाडी आणि मागे एक साक्षीदार. माहितीपत्रकात होतं तसंच्या तसं. फक्त टाळ्या वाजवणारी बाई कमी होती.

"मुन्नालालजी, बघा आता. याला म्हणतात टायर."

"नको," टीना म्हणाली.

त्यानं गाडी फुलांवर घातली आणि ब्रेक मारला.

टायर बनवणाऱ्यांनी जगातले सगळे ऋतू धरले असतील. मोहाचा ऋतू त्यांच्याकडून राहून गेला होता. फुलं फुटली, त्यांचं सरबत झालं आणि गाडी त्या सरबतावरून, काही घाई नसल्यासारखी, आडवी होत निघाली. इंद्रकुमार स्टिअरिंग डावीकडे फिरवत होता, गाडी उजवीकडे जात होती; दोघांचंही काही चुकत नव्हतं, फक्त दोघं वेगळ्या गाडीत बसल्यासारखे वागत होते. मुन्नालाल सीटच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. गाडी शेवटी थांबली ती एका भरलेल्या टोपलीवर. खाली करकर झालं.

टोपलीपासून दोन हातांवर एक बाई वाकून फुलं वेचत होती. गाडीला आवाज नसल्यामुळे तिनं वर पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं.

इंद्रकुमारनं दार उघडून आधी तिचे हातपाय शाबूत आहेत का ते पाहिलं. बाई धडधाकट आहे हे दिसल्यावर खरी भीती सुरू झाली.

"काऊन गा, आंधळा होय का तू?"

"बाई, ते टायर..."

"तुया गाडीले तोंड नाही का? बोंबलत नाही, काही नाही. चोरावानी येऊन राहिली! माणूस मेला असता तं समजलं असतं का तुले?"

या देवकाबाई. झाड त्यांच्या घरचं. इंद्रकुमारनं खिशाला हात लावला. देवकाबाईंनी त्या हाताकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो हात खिशातून रिकामाच परत आला.

"रस्ता तर सरकारचा आहे ना, बाई," मुन्नालाल काच खाली करून म्हणाले. व्यापारी माणूस, कुठं बोलू नये हे त्यांना दुकानाबाहेर समजत नसे.

"रस्ता सरकारचा होय. फूल माह्या झाडाचं होय. तू उतर खाली."

मुन्नालाल उतरले.

"तुडवलं तं तुडवलं. आता फुलं येच. जेवढं चांगलं राहिलं तेवढं येच. तिघंही. मंग जा."

टीना आधीच पदर खोचून वाकली होती. तिला पाहून देवकाबाई म्हणाल्या, "ही हुशार दिसते. हिनं तुले काऊन करू देल्लं असं?"

"ऐकते कोण?" टीना म्हणाली. दोघी हसल्या. इंद्रकुमारच्या मानाच्या ओरखड्यांची आता मोजदाद सोडून द्यावी हे उत्तम.

वेचणं हे बघायला सोपं काम आहे. पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते, मग पाठ, मग मांड्या. आणि पंपांच्या धंद्यात माणूस वाकत नाही, गिऱ्हाईक वाकतं. ऊन चढलं. मुन्नालालनी एक फूल तोंडात टाकलं. मग दुसरं.

"एकदम किसमिस, कटरेजी!"

"जास्ती नको खाऊ गा," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यभर कापडाच्या दुकानात बसलेल्या त्यांना प्रथमच फुकट माल मिळत होता. थोड्या वेळानं ते झाडाच्या बुंध्याला टेकले, झाडाला "और बताओ सेठ" म्हणाले आणि घोरायला लागले.

*

आता टोपली मोडली होती. वेचलेला मोह घरी न्यायचा कसा? देवकाबाईंनी हा प्रश्न विचारला नाही, फक्त गाडीकडे पाहिलं. डिकीत चादर अंथरून मोह भरला. घर जवळच आहे, असं त्या म्हणाल्या. जंगलातलं 'जवळच' हे वेगळं माप आहे. मुरमाचा चढ, मग नाला, मग पुन्हा चढ, आणि मागे मुन्नालाल पूर्ण वजनानिशी झोपलेले. चढावर थकलेल्या बॅटरीचा आकडा धडाधड उतरताना इंद्रकुमारला स्पष्ट दिसत होता. देवकाबाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, टीना मागे मुन्नालालच्या पायांशी कोपऱ्यात.

"गाडी बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण बोंबलली पाहिजे."

अंगणात पोचले तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर कासवाचं चित्र आलं. याचा अर्थ: आता गोंदिया विसरा.

इंद्रकुमार स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. पार्किंगमधला पॉइंट गेला. खिडकीतली वायर गेली. गाडी रोडवर गेली. खेमराजचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो चेहरा बॉनेटवर थोपटत होता.

"का झालं?" देवकाबाईंनी विचारलं.

"हिचं पोट रिकामं झालं," टीना म्हणाली. "करंट लागते हिले."

"मंग घ्या ना. बोरच्या मोटरीचा बोर्ड आहे पडवीत. कायले तोंड पाडून बसले?"

बोर्ड पाहून इंद्रकुमारच्या अंगात जीव आला. हे त्याचं राज्य. चार्जर लावला तर लाल दिवा लागला: अर्थिंग नाही. त्यानं देवकाबाईंची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागितली, जिथं मोरीचं पाणी मुरून जमीन कायम ओली राहते तिथं ती ठोकली, भोवती मिठाचा पुडा रिकामा केला, तार आवळली. दिवा हिरवा झाला. टीनानं टाळ्या वाजवल्या. त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं, पण ती खरंच वाजवत होती.

खेड्यातल्या प्लगवर गाडी चार्ज करणं म्हणजे चमच्यानं विहीर भरणं. उन्हं रणरणत होती. देवकाबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि टीनाशी बोलत राहिल्या. मोह अंगणात पसरला. मुन्नालालना खाटेवर हलवलं, तेव्हा ते म्हणाले, "दो मीटर और दिखाओ." आकडा एकेक करत वर सरकत होता. तो गोंदियापुरता झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

निघताना देवकाबाई म्हणाल्या, "पुढल्या साली येशीन तं कडंनं येजो."

*

नाका.

"कुठून येऊन राहिले?"

"कचारगडहून."

नाक्यावरच्या माणसानं डोकं आत घातलं, खोल श्वास घेतला आणि डोळे मिटले. "पिऊन?"

"नाही साहेब. चिरडून."

"अन् हे मागचे?"

"खाऊन."

त्यानं डिकी पाहिली, चादर हुंगली, चाकं हुंगली. सायलेन्सर हुंगायला खाली वाकला तर सायलेन्सर नव्हता. हे त्याला सगळ्यांत जास्त संशयास्पद वाटलं. "धुराचं सर्टिफिकेट?"

"साहेब, हिला धूरच नाही."

"मग धूर नाही असं कोणी लिहून देल्लं आहे का?"

इंद्रकुमारला ना-हरकतीची आठवण होऊन एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शेवटी मुन्नालाल जागे झाले, त्यांनी आपण कुठं आहोत हे विचारलं, आणि नाक्यावरच्या माणसानं हसून हात हलवला.

*

वैनगंगा अपार्टमेंटच्या फाटकात खुर्च्या मांडल्या होत्या. गाडी आली. आवाज न आल्यामुळे बराच वेळ कुणाला कळलं नाही. मग वासामुळे कळलं.

खेमराज उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. "मुन्नालाल, बोल. एका चार्जिंगवर?"

मुन्नालालनी छातीवर हात ठेवला. "एक ही चार्जिंग. मैं गवाह हूँ. गाडी मस्त आहे, भाऊ. चालते हेच समजत नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दिवसात दुपार नव्हतीच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेमराजच्या चेहऱ्यावरचं डिझेल संपलं. टीना इंद्रकुमारच्या कानाशी हळूच म्हणाली, "चूप राहा. जिंकले तुम्ही."

तो चूप राहिला. राहणारच होता. पण खेमराज घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. लिहून घ्या. सोसायटी मोठ्या मनानं कटरेंना पार्किंगमध्ये करंट देऊन राहिली आहे."

मोठ्या मनानं. हे दोन शब्द इंद्रकुमारनं मनात पुन्हा म्हणून पाहिले. दोन्हीकडचे शिपाई आठवले, लाटण्यानं ढोसलेला टॉवेल आठवला, पडवीतला बोर्ड आठवला.

"लिहू नका," तो म्हणाला. "मधे चार्ज केली."

फाटकातल्या खुर्च्या पुढं सरकल्या. टीनानं डोळे मिटले, मग उघडले, आणि गाडीला टेकून आरामात उभी राहिली. आता थांबवण्यात अर्थ नव्हता आणि तिला ऐकायचंही होतं.

"जंगलात एका बाईची टोपली मी चिरडली. तिचा मोह तुडवला. तिनं मला शिव्या देल्ल्या, कंबर मोडेस्तोवर वेचायला लावलं, अन् मग पडवीतला बोर्ड दाखवला. तुमची मी काय टोपली चिरडली होती, पटलेजी? इथं माझं घर आहे. तुमचा पॉइंट तुम्हीच ठेवा. मोठं मनही ठेवा, पार्किंगमध्ये जागा असंन तर."

"मग तू हरला," खेमराज म्हणाले.

"हरलो."

"वायर काढ मग."

"नाही काढत."

"शब्द देल्ला होता तू!"

"देल्ला होता. आता मोडून राहिलो, अन् सगळ्यांसमोर मोडून राहिलो. नोटीस पाठवा. हिंदीत, मराठीत, कशातही."

नोटीस आली. मग दुसरी आली, तिच्यात पहिलीचा संदर्भ होता. सोसायटीत दोन तट पडले. एका तटानं इंद्रकुमारशी बोलणं सोडलं, दुसऱ्यानं बोलून बोलून त्याला हैराण केलं. मुन्नालालनी साक्ष मागे घेतली नाही; ते अजून म्हणतात की गाडी एकाच चार्जिंगवर आली आणि कटरे उगाच मोठेपणा करतो. खेमराज जीपच्या बॉनेटवर थोपटतात, पण आता इकडे तिकडे बघून.

वायर रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली येते. इंद्रकुमार गॅलरीत खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून, ती सगळ्यांना दिसेल अशा बेतानं चहा पितो.

गाडी बोर्डाला जोडलेली होती तेवढा वेळ, तिला करंट पुरावा म्हणून, देवकाबाईंनी घरातला पंखा बंद ठेवला होता.